कॅप की व्हेनिअर? दाताला मशीन लागण्याआधी हे तपासा

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, पंधरा-वीस दिवसांवर आली की माझ्या दवाखान्यात एक ठरलेलं दृश्य दिसतं. लग्न जमलेली मुलगी, सोबत आई नाहीतर मावशी, आणि मोबाईलमध्ये कुणातरी नटीचा हसरा फोटो. "डॉक्टर, पुढच्या सहा दातांना कॅपा बसवून द्या, लग्नाचे फोटो चांगले येतील." अशीच एक मुलगी पारोळ्याकडच्या खेड्यातून आली होती. दात निरोगी, कीड कुठेच नाही, हिरड्या घट्ट. वरच्या दोन मोठ्या दातांत थोडी फट होती आणि त्यांच्यावर पांढरे-तपकिरी डाग होते. आजी सोबत होती. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "चांगला दात कसाले घासतस, भाऊ?" म्हणजे चांगला दात कशाला तासता?

आजीचा प्रश्न मला सोळा आणे पटला. त्या मुलीला आम्ही ना कॅप बसवली, ना व्हेनिअर. काय केलं ते पुढे सांगतो. पण दात तासण्याच्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाने आधी आजीचा प्रश्न विचारावा असं मला मनापासून वाटतं. हा लेख त्यासाठीच लिहितोय.

दोघांत फरक काय

कॅप म्हणजे दाताला चारही बाजूंनी आणि वरूनही झाकणारी टोपी. व्हेनिअर म्हणजे दाताच्या फक्त पुढच्या, दिसणाऱ्या बाजूवर चिकटवलेला पातळ पापुद्रा. गावाकडच्या घराचं उदाहरण घ्या. भिंत पक्की असेल आणि नुसती कळकट दिसत असेल तर वरून नवा गिलावा केला की झालं. भिंतच खचली असेल तर गिलावा लावून काही होत नाही, तिला चहूकडून आधार द्यावा लागतो. व्हेनिअर हा गिलावा आहे आणि कॅप हा आधार. त्यामुळे "दिसायला चांगलं काय" हा प्रश्न मागून येतो. पहिला प्रश्न असा की तुमचा स्वतःचा दात किती शिल्लक आहे आणि तो किती मजबूत आहे.

दाताच्या बाहेरचं पांढरं, टणक कवच म्हणजे एनॅमल. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येतानाच नाहीशा होतात, म्हणून एकदा गेलेलं एनॅमल पुन्हा येत नाही. हाड जुळतं, जखम भरते, पण एनॅमल भरून येत नाही. वरच्या पुढच्या दातांवर ते कडेला साधारण एक मिलिमीटर जाड असतं आणि हिरडीजवळ तीन ते पाच दशांश मिलिमीटरपर्यंत पातळ होत जातं. व्हेनिअरसाठी साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर तासतात, तेही एकाच बाजूने. सिरॅमिकच्या कॅपसाठी चहूकडून एक ते दीड मिलिमीटर आणि वरच्या टोकाकडून दीड ते दोन मिलिमीटर जातं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तासलेल्या भागाचं वजन करून बघितलं होतं. व्हेनिअरसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागातला ३ ते ३० टक्के भाग गेला, तर पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के. हे आकडे मी पेशंटला कागदावर लिहून दाखवतो. निरोगी दातावर कॅप बसवायची म्हणजे त्याचा दोन तृतीयांश भाग आपल्या हाताने टाकून द्यायचा.

व्हेनिअर टिकतं ते चिकटण्याच्या जोरावर, आणि ही पकड एनॅमलवर सर्वांत पक्की बसते. १९३०च्या दशकात चार्ल्स पिंकस नावाचे दंतवैद्य हॉलिवूडच्या नटांच्या दातांवर शूटिंगपुरते पातळ पापुद्रे लावायचे. शूटिंग संपलं की ते काढून ठेवावे लागत, कारण पक्कं चिकटवण्याची युक्तीच माहीत नव्हती. १९५५ साली मायकेल ब्युनोकोर यांनी दाखवून दिलं की एनॅमलवर आम्ल लावलं की त्यावर बारीक खाचा पडतात आणि त्या खाचांत रेझिन, म्हणजे दाताला चिकटवायचं प्लास्टिकसारखं द्रव्य, घट्ट धरून बसतं. पुढे १९८०च्या दशकात सिरॅमिकची आतली बाजूही आम्लाने खरखरीत करायला लागले, तेव्हा कुठे आजचं व्हेनिअर शक्य झालं. म्हणून एनॅमल झिजून आतला पिवळा थर उघडा पडला असेल, तर तिथे व्हेनिअरची पकड कच्ची राहते.

आधी घरी, आरशासमोर

दवाखान्यात जाण्याआधी दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ उभं राहून दात बघा. तुम्हाला नेमकं काय खटकतंय ते एका वाक्यात लिहा: रंग, फट, वाकडेपणा, तुटलेला कोपरा, की दुखणं. वाक्य जमत नसेल तर अजून काही दिवस थांबा. "सगळंच छान करून द्या" अशी मागणी घेऊन गेलं की हमखास जास्त दात तासले जातात.

त्यानंतर थोडं दुखण्याबद्दल. गार पाण्याने क्षणभर ठणका लागून थांबतो, की गरम चहाने सुरू झालेला ठणका मिनिटभर राहतो? रात्री झोपेतून जाग येते का? चावताना एकाच ठिकाणी कळ येते का? सकाळी जबडा आखडलेला असतो का, किंवा घरचे म्हणतात का की तुम्ही झोपेत दात खाता? हे सगळं डॉक्टरांना सांगा, कारण झोपेत दात करकरा चावणाऱ्याच्या तोंडात पातळ व्हेनिअर तडकण्याचा धोका मोठा असतो.

आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का, हेही बघा. हे मी खास आपल्या खानदेशासाठी लिहितोय. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी रोज माझ्यासमोर असे तरुण बसतात ज्यांचं तोंड दोन बोटंही उघडत नाही. सुपारीने गालाच्या आतली कातडी चामड्यासारखी घट्ट होत जाते. तोंडच उघडत नसेल तर मागच्या दाढेवर मशीन पोचत नाही, माप घेता येत नाही. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही कर्करोगाच्या आधीची अवस्था असू शकते. पांढरा चट्टा, न भरणारी जखम, तिखट सहन न होणं यांपैकी काही असेल, तर कॅप-व्हेनिअर बाजूला ठेवा आणि आधी ते दाखवा.

दवाखान्यात काय तपासलं गेलं पाहिजे

नुसतं तोंडात डोकावून "सहा कॅपा लागतील" असं सांगणाऱ्याकडे काम करू नका. त्या दाताचा एक्स-रे हवा, म्हणजे मुळाशी पू आहे का, आत कीड आहे का, हाड किती आहे ते कळतं. हिरडीच्या कडेने बारीक खुणांची काडी फिरवून खोली मोजायला हवी. दात हलतो का, ठोकल्यावर दुखतो का, गाराला जिवंत प्रतिसाद देतो का, आणि तोंड मिटल्यावर वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे टेकतात हे बघायला हवं. या शेवटच्या गोष्टीकडे फार दुर्लक्ष होतं. खालचे दात वरच्या दातांच्या कडांवर नेमके आपटत असतील तर तिथे व्हेनिअर टिकणं अवघड.

हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी दातांची सफाई करून दोन-तीन आठवडे थांबा. सुजलेल्या हिरडीला लागून घेतलेलं माप चुकतं, आणि सूज उतरली की कॅपची कड उघडी पडते. मधुमेह असेल तर साखरेचा ताजा रिपोर्ट सोबत न्या. गर्भवतीने हौसेचं काम बाळंतपणानंतर करावं.

कधी कॅप

रूट कॅनल केलेली दाढ हे कॅपचं सर्वांत सरळ कारण. कीड आणि उपचार मिळून दाढेचं आतलं बरंच छत गेलेलं असतं आणि उरलेल्या भिंतींवर चावण्याचा जोर पडतो. "दुखायचं थांबलं, आता कॅप कशाला" म्हणून लोक थांबतात. मग वरण-बट्टीचा कडक घास, उसाचं कांडं किंवा मटणातलं हाड दाताखाली येतं आणि दाढ उभी चिरते. चीर मुळापर्यंत गेली तर ती दाढ काढावीच लागते. माझ्याकडे अशा दाढा इतक्या येतात की रूट कॅनल झाल्याच दिवशी मी कॅपची तारीख चिठ्ठीवर लिहून देतो. इथे व्हेनिअरचा प्रश्नच येत नाही.

अर्ध्याहून अधिक भरलेला दात, मोठी भेग गेलेला दात, पडल्या-झडल्यात मोठा तुकडा गेलेला पुढचा दात, दोन्ही बाजूंना जुनी मोठी सिमेंटं असलेला दात, या सगळ्यांना कॅप योग्य. पण पुढच्या दाताचं रूट कॅनल झालं म्हणजे कॅप हवीच असं नाही. मागून लहानसं भोक पाडून उपचार झाला असेल आणि बाकी दात शाबूत असेल, तर ते भोक नीट बुजवणं पुरतं. असा दात काळवंडला असेल तर आतून ब्लीच करून बघता येतं. बऱ्याच जणांना हे सांगितलंच जात नाही.

दाढेसाठी एक मधला मार्गही आहे. दाढेच्या भिंती बऱ्या असतील तर फक्त वरचा चावण्याचा भाग झाकणारी अर्धी कॅप, म्हणजे ऑनले, बसवता येतो. हिरडीजवळचं एनॅमल वाचतं. लॅब चांगली असेल आणि डॉक्टरांचा हात त्यात बसलेला असेल तर जरूर विचारा.

कधी व्हेनिअर

दात जिवंत आहे, मजबूत आहे, एनॅमल भरपूर आहे, आणि तक्रार फक्त रंगाची, आकाराची, लहान फटीची किंवा तुटलेल्या कोपऱ्याची आहे, तर व्हेनिअर. लहानपणी घेतलेल्या टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकमुळे आलेले राखाडी पट्टे, ब्लीचला दाद न देणारे बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडचे गडद डाग, जन्मतः बारीक राहिलेला बाजूचा दात, या गोष्टी त्यात येतात.

फ्लोराइडबद्दल जरा थांबून सांगायला हवं. पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत, असं भारतीय मानक आहे. दात हिरडीखाली घडत असताना, म्हणजे साधारण पहिल्या आठ वर्षांत, जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर हे डाग पडतात. मोठेपणी घासून ते जात नाहीत. गावातल्या बऱ्याच पोरांच्या दातांवर सारखेच डाग दिसत असतील तर आधी बोअरचं पाणी तपासून घ्या, म्हणजे धाकट्यांचे दात तरी वाचतील.

मिसरी लावणाऱ्या बायांचे दात मात्र वेगळे. वर्षानुवर्षं बोटाने घासून हिरडीजवळ खाच पडलेली असते आणि तिथे एनॅमल उरलेलंच नसतं. अशा दातावर व्हेनिअर हिरडीकडच्या कडेने सुटतं. आधी खाच भरा, मिसरी सोडा, मग पुढचं ठरवा.

अठराच्या आतल्या मुलामुलींना मी व्हेनिअर करत नाही. दाताची नस मोठी आणि पृष्ठभागाजवळ असते, हिरडीची रेघही अजून वर सरकायची असते.

काहीच न तासता काम होतं का

हा टप्पा कुणी गाळू नये. चहा-तंबाखूचे डाग साध्या सफाईने जातात. एकसारखा पिवळेपणा ब्लीचने कमी होतो. वाकड्या दातांना तार किंवा अलाइनर (दात हळूहळू सरकवणारं पारदर्शक आवरण) लावावी. वाकडे दात तासून, वर कॅपा चढवून सरळ दाखवणं हा आडमार्ग आहे, आणि त्याची किंमत पुढे चाळिशीत मोजावी लागते. शहरातून सहा निरोगी दातांवर कॅपा बसवून आलेला एक तरुण माझ्याकडे आला, तेव्हा त्यातल्या दोन दातांच्या नसा मेल्या होत्या आणि रूट कॅनल करावं लागलं. जिवंत दात इतका तासला की असं काही दातांच्या बाबतीत होतंच. तो "हे आधी कुणी सांगितलं नाही" एवढंच म्हणत होता.

आणि ती पारोळ्याकडची मुलगी? तिच्या दातांवरचा डागांचा वरचा थर आम्ही आम्ल आणि बारीक पूड लावून हलकेच घासला. एनॅमलचा काही शतांश मिलिमीटर जेमतेम गेला. मग ब्लीच केलं, दोन आठवडे रंग स्थिर होऊ दिला आणि फट कंपोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणाने, बुजवली. कंपोझिटला चमक द्यायला अधूनमधून यावं लागेल, काही वर्षांनी ते बदलावंही लागेल. पण दात तिचेच आहेत. उद्या गरज पडली तर व्हेनिअरचा रस्ता मोकळा आहे, त्यानंतर कॅपचाही. कॅपपासून मागे यायला मात्र रस्ता नसतो.

कशाची कॅप, कशाचं व्हेनिअर

संपूर्ण धातूची कॅप स्वस्त आणि दणकट असते, कमी तासावं लागतं. अगदी मागच्या दाढेला ती उत्तम, दिसते कुणाला? खोट्या दागिन्यांनी अंगाला खाज सुटणाऱ्यांनी मात्र निकेल असलेला धातू टाळावा आणि तसं आधी सांगावं. धातूवर सिरॅमिक चढवलेली कॅप मधल्या किमतीची. तिच्या कडेला काही वर्षांनी काळी रेघ दिसू शकते आणि सिरॅमिकचा टवका उडू शकतो. झिरकोनिया हे अतिशय कठीण सिरॅमिक दाढांसाठी भक्कम. पुढच्या दातांसाठी लिथियम डायसिलिकेट हे काचेसारखं सिरॅमिक जास्त नैसर्गिक दिसतं, कारण त्यातून उजेड आरपार जातो. लॅबचं वॉरंटी कार्ड मागून घ्या, पण हे लक्षात ठेवा की वॉरंटी कॅपची असते, तुमच्या दाताची नसते. झिरकोनियाच्या कॅपखालीही कीड लागते.

खर्च दाताला मोजून असतो. सहा व्हेनिअर म्हणजे सहापट. दर लिहून घ्या आणि त्यात तात्पुरती कॅप, लॅबचा खर्च, रूट कॅनल, सफाई काय काय धरलंय ते विचारा. दहा ते पंधरा वर्षांनी हे काम पुन्हा करावं लागू शकतं हे गृहीत धरा. पंचविशीत सहा दात केले तर आयुष्यात तीन-चारदा हा खर्च येऊ शकतो. पैशांची अडचण असेल तर धुळ्यात दंत महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी खर्च कमी असतो, फेऱ्या आणि वेळ जास्त लागतो. आठवडी बाजारात बसून तासाभरात दात बसवणाऱ्यांकडे, किंवा पार्लरमध्ये व्हेनिअर चिकटवणाऱ्यांकडे अजिबात जाऊ नका. डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र राज्य दंत परिषदेत असायलाच हवी. तो क्रमांक विचारण्यात संकोच कसला?

फेऱ्या कशा होतात

घाई असलेल्याने लग्नाच्या आधी निदान दोन महिने यावं. पहिल्या फेरीत तपासणी, फोटो, माप. त्या मापाच्या साच्यावर मेणाने नवे दात घडवतात आणि त्यांचा ठसा तुमच्याच दातांवर तात्पुरत्या मालाने बसवून दाखवतात. याला मॉक-अप म्हणतात. यात तासणं काहीच नसतं. हट्टाने करून घ्या. बोलून बघा, हसून बघा, घरच्यांना दाखवा. दात लांब वाटतात, ओठ मिटत नाहीत, 'फ' आणि 'व' नीट निघत नाही, हे सगळं इथेच कळतं.

रंग दात तासायच्या आधी ठरवा, दिवसाच्या उजेडात, लिपस्टिक पुसून. दात तोंड उघडून थोडा वेळ सुकला की जास्त पांढरा दिसतो, म्हणून रंग सुरुवातीलाच बघायचा. सर्वांत पांढरी छटा मागू नका. आपल्या उन्हात रापलेल्या चेहऱ्यावर खडूसारखे दात लांबून ओळखू येतात.

तासण्याच्या दिवशी भूल दिली जाते. मग माप किंवा स्कॅन. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांतून माप बहुधा बाहेरच्या लॅबला जातं, त्यामुळे आठवडा-दहा दिवस धरा. तोवर तात्पुरती कॅप असते. त्या दिवसांत खिचडी, वरण-भात, भरीत, केळी खा. बिबड्या, चिक्की, चिंगम दूर ठेवा. पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना बर्फाचं पाणी प्यावंसं वाटेल, पण तासलेला दात ओरडेल. माठातलं पाणी प्या.

पक्कं चिकटवण्याआधी आरसा मागा आणि नीट बघा. नापसंत असेल तर इथेच बोला, लॅबला परत पाठवता येतं. एकदा चिकटलं की व्हेनिअर काढायचं म्हणजे मशीनने तोडूनच काढावं लागतं. चिकटवताना दात कोरडा राहणं फार गरजेचं असतं, म्हणून रबराचा पडदा लावला तर कुरकुर करू नका. शेवटी रंगीत कागद चावायला देतात. भूल उतरल्यावर एखादा दात आधी टेकतोय असं वाटलं तर "सवय होईल" म्हणून बसू नका, दुसऱ्या दिवशी जाऊन घासून घ्या.

बसवल्यानंतर

कॅपला कीड लागत नाही, पण तिच्या कडेखाली उरलेल्या दाताला लागते. मऊ ब्रश दोनदा आणि दोन दातांमधून दोरा रोज. झोपेत दात खात असाल तर रात्री घालायचा गार्ड बनवून घ्या. उन्हाळ्यात दिवसभर लिंबू-सोडा घोट घोट पिण्यापेक्षा एकदाच प्या आणि वर साधं पाणी प्या. सुपारी फोडणं, दातांनी बाटलीचं बूच उघडणं, सुतळी तोडणं बंद. सहा महिन्यांनी एकदा दाखवा.

कॅप सुटून हातात आली तर ती फेकू नका. डबीत ठेवा, आत काळं दिसलं तरी स्वतः खरवडू नका, घरातल्या झटपट डिंकाने चिकटवू तर मुळीच नका. त्या बाजूने चावणं टाळून दोन-तीन दिवसांत दवाखाना गाठा. उशीर झाला तर शेजारचे दात सरकतात आणि तीच कॅप पुन्हा बसत नाही.